पोशिंदा, गाडी आणि चेंडू : होळकर संघाच्या निमित्ताने

जपानमध्ये हान्शिन टायगर्स नावाचा एक व्यावसायिक बेसबॉल संघ आहे. त्याचं घरचं मैदान कोशिएन. १९२४ साली बांधलेल्या या मैदानावर दर ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची देशव्यापी स्पर्धा भरते. तिचा मान असा की तिच्यासाठी टायगर्सना स्वतःचं घर रिकामं करून द्यावं लागतं. मग भर उन्हाळ्यात, दमट हवेत, संघ बॅगा भरून निघतो. आज हे शहर, उद्या ते. या दौऱ्याला तिथले लोक चक्क ‘मरणाचा रस्ता’ म्हणतात. आता ओसाकाचं छत असलेलं मैदान मधूनमधून मिळतं, त्यामुळे हाल कमी झाले; पण नाव काही पुसलं गेलं नाही.

भोपाळमधल्या मराठी अंकात जपानचा बेसबॉल कशाला, असं कुणी विचारेल. कारण असं की या रस्त्यावरून चालत गेलं तर आपण थेट इंदूरला पोचतो. आपल्यापासून जेमतेम १९० किलोमीटरवर एके काळी असा एक संघ होता, ज्यातल्या माणसांचं पोट खेळावर चालायचं, ज्याच्या छातीवर मालकाचं नाव होतं आणि ज्याच्या खेळाडूंमध्ये मराठी आडनावांची रांग होती. तो म्हणजे होळकर संघ. या लेखात आपल्याला तीन गोष्टी बघायच्या आहेत. दौऱ्यावरच्या खेळाडूला कोण पोसतं? दौऱ्यावर त्याला कुणाच्या पंगतीत बसवतात? आणि पोसणारा हात निघून गेला की त्याचं काय होतं?

१. संघ कुणाच्या नावाचा?

जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल लीग १९३६ साली सुरू झाली. १९५० पासून तिचे दोन भाग आहेत. आज प्रत्येकात सहा, म्हणजे एकूण बारा संघ आहेत. एका संघाला मोसमात १४३ सामने खेळावे लागतात. त्यातले निम्मे परगावी म्हटले तरी सत्तरच्या आसपास होतात. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस हॉटेल, बस, बुलेट ट्रेन आणि विमानतळ. होक्काइदोचा संघ उत्तरेच्या टोकाला, फुकुओकाचा दक्षिणेला. त्यांच्या भेटीगाठी म्हणजे देश ओलांडणं.

पण मला जास्त लक्षवेधी वाटतं ते संघांच्या नावांत. आपल्याला शहराचं नाव अपेक्षित असतं, तिथे कंपनीचं नाव येतं. हान्शिन ही ओसाका आणि कोबे यांच्यामधली रेल्वे कंपनी. योमिउरी हे वर्तमानपत्र. निप्पॉन हॅम ही मांसाचे पदार्थ बनवणारी कंपनी. खेळाडू कंपनीचं नाव छातीवर लावून देशभर फिरतो. म्हणजे फिरता फिरता तो दोन कामं करतो. एक खेळायचं, दुसरं मालकाचं नाव गावोगाव न्यायचं.

आपल्याकडे हे काम रेल्वे कंपन्यांनीही केलं, पण त्याआधी केलं संस्थानांनी. मराठीत पोसणाऱ्यासाठी ‘पोशिंदा’ हा शब्द आहे. शेतकऱ्याला आपण जगाचा पोशिंदा म्हणतो. खेळाडूचा पोशिंदा कोण, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

२. बाळूचे चार रुपये

पैसे घेऊन क्रिकेटशी नातं जोडणारा पहिला मोठा मराठी माणूस म्हणजे पालवणकर बाळू. जन्म १८७६चा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या एका क्लबात तो खेळपट्टी झाडायचा आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे इंग्रज फलंदाजांच्या सरावासाठी त्याला तासन् तास गोलंदाजी करायला लावत. ग्रेग नावाचा मातब्बर फलंदाज, बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे देई, असं सांगतात. बॅट मात्र कुणी त्याच्या हातात दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम बाळूने गाळायचा.

नंतर पुण्यातल्या हिंदूंच्या संघाने त्याला खेळायला घेतलं, कारण त्याच्यावाचून जिंकता येत नव्हतं. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा. चेंडू एकच, कप वेगळा. जातीने आपल्या समाजात काय करून ठेवलं होतं, हे समजायला एवढं चित्र पुरेसं आहे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान, शीख असे सगळे एका बोटीत. संघ दुबळा होता आणि बहुतेक सामने हरला. पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला आणि त्या कार्यक्रमाच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलेलं आहे. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूला कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. या विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, ते १९४८ साली आलं. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. दलित आत्मकथनांचा विचार करताना आपण सहसा खूप नंतरच्या पुस्तकांपासून सुरुवात करतो. मैदानावरचं हे पुस्तक त्या यादीत कुठे बसतं, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

वेगळ्या पंगतीची ही सवय फक्त आपल्याकडेच होती असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये तिचं रूप पैशाचं होतं. हौशी खेळाडू तो ‘जंटलमन’ आणि पगारी तो नुसता ‘प्लेअर’. एकाच संघातले असूनही त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचं दार वेगळं आणि पुष्कळदा दौऱ्यावर हॉटेलंही वेगळी. धावफलकावर हौशाच्या नावाची आद्याक्षरं आडनावाआधी, पगाऱ्याची आडनावानंतर. हा भेद १९६२ साली अधिकृतपणे बंद झाला. म्हणजे बाळूच्या मातीच्या कपाला तिकडेही एक भाऊ होता.

३. इंदूरची नेमणूक

आता आपल्या मुलखात येऊ. १९२३ साली नागपूरच्या एका तरुणाला इंदूरच्या होळकर महाराजांनी बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. तो तरुण म्हणजे सी. के. नायडू. तीन वर्षांनी, १९२६ साली, त्याने मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या आणि रातोरात नाव झालं. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार तोच होता. लोक त्याला कर्नल सी. के. म्हणत. इंदूरचाच मुश्ताक अली, तो कॅप्टन मुश्ताक अली. हे हुद्दे लढाईवर मिळवलेले नव्हते. ती खेळाची नोकरी होती, फक्त गणवेश फौजेचा होता.

ही व्यवस्था वाईट होती का? लगेच हो म्हणू नका. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरेल अशी सोय जवळजवळ नव्हतीच. सामन्याचे पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. सधन घरातला मुलगा खेळू शके. ज्याला घर चालवायचं होतं, तो दोन-तीन मोसमांत बॅट खुंटीला टांगून कारकुनी धरी. इंदूरने अशा माणसांना महिन्याचा पगार दिला, राहायला ठिकाण दिलं आणि सराव करायला वेळ दिला. त्याचं फळ सगळ्या देशाने पाहिलं. १९४१-४२ पासून हा संघ रणजी स्पर्धेत ‘होळकर’ या नावाने उतरू लागला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चारदा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. दुसऱ्या बाजूला मुंबईसारखा बलाढ्य संघ असताना हे करणं चेष्टा नव्हती.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. नोकरी माणसाच्या मर्जीवर होती, कायद्यावर नव्हे. महाराज खूश तर सगळं ठीक. खेळाडूला म्हातारपण येतं, तसं मर्जीलाही येतं.

४. खंडव्याला गाडी बदलताना

दौरा म्हणजे आधी प्रवास, आणि तेव्हा प्रवास म्हणजे रेल्वे. इंदूरची रेल्वे ही होळकरांचीच देणगी म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या तुकोजीरावांनी या लाइनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. पण ही लाइन होती छोटी, म्हणजे मीटरगेज. मुंबईला जायचं तर महू, पातालपाणीचा घाट, कालाकुंड, मग नर्मदा ओलांडून खंडवा, आणि तिथे मोठ्या लाइनची गाडी. कालाकुंडच्या स्टेशनवरचा कलाकंद आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी खाल्ला असेल. बडोद्याला जायचं तर रतलामला गाडी बदला. काहीही करा, सामान उतरवून पुन्हा चढवण्याला सुटका नव्हती.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, बॅटींची पिशवी. रात्र गाडीत, सकाळी उतरायचं आणि लवकरच मैदानावर हजर व्हायचं. खेळपट्टी कुठे टर्फची, कुठे मॅटिंगची. म्हणजे प्रत्येक गावी चेंडू वेगळा उसळणार. रणजी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. हरलात की सामान बांधा, मोसम संपला. जपानी संघाला एक सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी भरपाई करता येते. होळकर संघाला ती मुभा नव्हती.

आणि जिंकत राहिलं तर? मग सामना संपायचं नावच नाही. १९४४-४५चा अंतिम सामना घ्या, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. निकाल लागेपर्यंत खेळायचा सामना. मुंबईने ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ केल्या, त्यात विजय मर्चंटच्या २७८. होळकरांपुढे लक्ष्य आलं ८६७ धावांचं. कुणी ‘कशाला उगाच’ म्हटलं नाही. मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतक ठोकलं, १०९ आणि १३९. डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ वर राहिला. संघ ४९२ वर संपला आणि ३७४ धावांनी हरला. सगळ्या मिळून २०७८ धावा झाल्या.

या सामन्यातला एक आकडा मला त्या २०७८ पेक्षा मोठा वाटतो. सी. के. नायडूंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू यांनी या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. सहा चेंडूंचं षटक धरलं तर १५२ षटकं आणि वर ५ चेंडू. प्रथम श्रेणीच्या सामन्यात कुणी इतके चेंडू टाकल्याची नोंद नाही. आज गोलंदाजाचे चेंडू मोजून त्याला विश्रांती देतात. तेव्हा खांदा दुखतो हे सांगायचं कुणाला, समोर मोठा भाऊ कर्णधार आणि तोही कर्नल!

आणि कॉम्प्टन इथे कसा आला? महायुद्धात तो सैन्यात होता आणि त्याची नेमणूक महूला होती. इंग्लंडमध्ये हा माणूस पगारी ‘प्लेअर’, वेगळ्या दाराने मैदानात उतरणारा. इकडे येऊन तो होळकरांकडून खेळला. एका सामन्यात एका संघाकडून लंडनचा कॉम्प्टन, इंदूरचा मुश्ताक, नागपूरचे नायडू आणि सागरचे सरवटे. असा डबा छोट्या लाइनवर क्वचितच धावला असेल.

५. सहा शतकं आणि चार आडनावं

१९४५-४६चा उपांत्य सामना इंदूरला, म्हैसूरविरुद्ध. होळकर ८ बाद ९१२, डाव घोषित. एका डावात सहा जणांची शतकं : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एका डावात सहा शतकांचा हा जागतिक विक्रम. म्हैसूरच्या गरुडाचारने ४ बळी घेतले, पण त्यासाठी ३०१ धावा दिल्या. त्याच सामन्यात सरवटेंनी ६१ धावांत ९ बळीही घेतले.

सहापैकी चार आडनावं मराठी. यातले चंदू सरवटे आपल्याच प्रदेशातले, जन्म १९२० सालचा, सागरचा. मराठी माणूस म्हटलं की पुणे-मुंबईच आठवणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. १९४६ साली ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. ओव्हलवर सरे संघाविरुद्ध भारताची अवस्था ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकावर सरवटे खेळत होते, अकरावा आला शुटे बॅनर्जी. आता दहा मिनिटांत आटपेल असं सगळ्यांना वाटलं. या दोघांनी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहावा आणि अकरावा, दोघांचीही शतकं एकाच डावात. असं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दुसऱ्यांदा घडलेलं नाही. परक्या देशातल्या गार हवेत ज्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, त्यांनी हे केलं. पुढे हेच सरवटे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून काम करत. खेळाने नाव दिलं, पण पोटासाठी दुसरी विद्या शिकावी लागली.

भाऊसाहेब निंबाळकरांचा प्रवास तर नकाशावर काढून बघावा. जन्म कोल्हापूरचा. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, पुढे मध्य भारत, मध्य प्रदेश, राजस्थान, रेल्वे. इतक्या संघांकडून ते खेळले. जिथे आधार मिळेल तिथे जायचं, ही व्यावसायिक खेळाडूची वाट. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर होता. मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, आता पुरे, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघतो, असा पवित्रा घेतला. आणि खरंच सामना सोडून संघ निघून गेला. एका राजाच्या हट्टापायी एका नोकरदार खेळाडूच्या नऊ धावा राहिल्या. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. पोशिंदा म्हणजे छत्र, हे खरं. पण छत्र ज्याच्या हातात, तो ते मिटूही शकतो.

६. ‘उरलेल्यां’चा हजारे

आता आपल्या कॉलेजच्या वाचकांनी आवर्जून ऐकावी अशी गोष्ट. विजय सॅम्युएल हजारे, जन्म १९१५, सांगली. मराठी ख्रिस्ती कुटुंब. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत आणि संघ धर्मावर ठरत : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि पाचवा ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, ज्यांना दुसऱ्या कुठल्या रांगेत जागा नाही, ते सगळे यात. हजारे या उरलेल्यांच्या संघातून खेळत.

१९४३-४४चा अंतिम सामना. हिंदूंनी ५ बाद ५८१ केल्या. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. सहाव्या जोडीची ३०० धावांची भागीदारी त्यांनी धाकट्या भावाबरोबर, विवेकबरोबर केली. त्यात विवेकच्या धावा २१. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. पण उरलेल्यांचा म्हणून ज्याला बाजूला ठेवलं होतं, त्याला त्या दिवशी सगळ्या मुंबईने पाहिलं.

याच हजारेंचं दुसरं चित्र बघा. मार्च १९४७, बडोदा, रणजीचा अंतिम सामना, समोर आपला होळकर संघ. बडोद्याकडून हजारे आणि लाहोरचा गुल मोहम्मद खेळत होते. चौथ्या जोडीसाठी दोघांनी ५७७ धावा केल्या. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८. बडोदा ७८४ आणि होळकरांचे दोन डाव मिळून ३७५. एका ख्रिस्ती आणि एका मुसलमान खेळाडूने मराठी गायकवाडांच्या संघासाठी मराठी होळकरांच्या संघाला धुऊन काढलं. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल मोहम्मद पुढे पाकिस्तानात गेला आणि १९५६ साली पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळला. हजारे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

इथे थोडं थांबून विचार करा. पंचरंगीतला संघ विचारायचा, तुझा देव कोणता? संस्थानी संघ विचारायचा, तुला खेळता येतं का? संस्थानिक काही समतेचे पुजारी नव्हते, त्यांना जिंकायचं होतं. तरीही नोकरीच्या नात्याने जी माणसं एका डब्यात बसली, त्यांच्यात धर्माच्या भिंती कमी होत्या. मार्कच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दोघादोघांना मिळून पाठवतो आणि सांगतो की भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसा नको. जिथे घरात घेतील तिथे राहा. वाटेवरचा माणूस दुसऱ्याच्या पानावर अवलंबून असतो. म्हणूनच वाटेवर पंगतीचा प्रश्न घरच्यापेक्षा जास्त टोचतो. बाळूला बाहेर चहा दिला तेव्हा तो नुसता चहा नव्हता, आणि हजारे-गुल मोहम्मद एकत्र खेळले तेव्हा त्या नुसत्या धावा नव्हत्या.

७. छत्र मिटल्यावर

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. होळकर हे नाव संघाने आणखी काही वर्षं चालवलं. १९५४-५५ साली इंदूरलाच मद्रासविरुद्ध अंतिम सामना झाला आणि होळकर ४६ धावांनी हरले. पुढच्या मोसमापासून ते नाव रणजीतून गेलं, मध्य भारत आलं, मग मध्य प्रदेश. संघाचा पोशिंदा गेला तसा अंतिम सामन्यांचा रतीबही थांबला. सी. के. नायडू मात्र थांबले नाहीत. १९५६-५७ साली, वयाच्या ६२व्या वर्षात, उत्तर प्रदेशकडून ते रणजी खेळले आणि ५२ धावा काढल्या.

संस्थानांची जागा मग रेल्वेने, बँकांनी, सरकारी कारखान्यांनी घेतली. ‘खेळाडू कोट्यातून लागला’ हे वाक्य आपण भोपाळात आजही ऐकतो. ते वाक्य म्हणजे होळकरांच्या नेमणुकीचा नातू आहे. फरक एवढाच की आता नेमणूक मर्जीची नाही, नियमाची आहे, आणि निवृत्तीनंतरही माणूस उघड्यावर पडत नाही. हा फरक लहान नाही.

मध्य प्रदेशला रणजी करंडक मिळायला २०२२ उजाडलं. २६ जून, बेंगळुरू. समोर पुन्हा मुंबईच. मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचे मराठी गृहस्थ, चंद्रकांत पंडित. १९९८-९९ साली ते स्वतः मध्य प्रदेशचे कर्णधार असताना याच मैदानावर अंतिम सामना हरले होते. २३ वर्षांनी त्याच मैदानावर ते रडले, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पंडित नोकरीसाठी आलेले, म्हणजे निंबाळकर-नायडूंच्याच वाटेने. या वाटेवर चांगला माणूस आला की त्याचं गाव कुणी विचारत नाही.

८. शब्दांचा दौरा

वाङ्मय मंडळाचा लेख आहे, तेव्हा शेवटी थोडं शब्दांकडे. क्रिकेटची आपली परिभाषा बघा. ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटसाठी बनलाच नव्हता. तोफेचे गोळे डागणारा तो गोलंदाज. फारसीतून आलेला, फौजेतला शब्द. त्याच्या साच्यावर ‘फलंदाज’ तयार झाला, फळी चालवणारा. ‘मुक्काम’, ‘मोहीम’ हेही लष्करी वापरातले. ‘कर्णधार’ म्हणजे नावेचं सुकाणू धरणारा, तोही प्रवासातलाच. ज्या इंदूरमध्ये फलंदाज-गोलंदाजांना फौजेचे हुद्दे होते, तिथे हे शब्द अगदी घरी आल्यासारखे वाटले असतील. पण एक गंमत लक्षात घ्या. मैदानावरच्या प्रत्येक कामाला आपण मराठी शब्द शोधला, मैदान झाडणाऱ्याला मात्र नाही. त्याला आपण नुसतं ‘माळी’ म्हणून मोकळे होतो. बाळू तिथूनच आला होता.

चर्चेसाठी प्रश्न

१. संस्थानिकाची मर्जी, कंपनीची जाहिरात आणि सरकारी कोटा या तीन आधारांपैकी खेळाडूला सर्वांत जास्त मोकळीक कशात मिळते? कारणं द्या.

२. ‘चेंडू एकच, कप वेगळा’ अशी स्थिती आज आपल्या वसतिगृहात, खानावळीत, सहलीत कुठे दिसते का? दिसली तर आपण काय करतो?

३. सी. एस. नायडूंच्या ९१७ चेंडूंचं कौतुक करावं, की त्यात शोषणही बघावं? दोन्ही बाजूंनी मांडणी करा.

४. विठ्ठल पालवणकरांचं आत्मचरित्र मराठी आत्मकथनांच्या इतिहासात कुठे ठेवाल?

करून पाहा

भोपाळ, इंदूर, सागर, जबलपूर, जिथे तुमचं घर असेल तिथल्या एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला भेटा. हॉकीचा असला तर भोपाळात शोधावं लागणार नाही. त्यांना धावा आणि गोल विचारू नका. विचारा की दौऱ्यावर कुठे उतरायचात, जेवण कोण द्यायचं, सामान कोण उचलायचं, घरी पैसे किती पाठवायचात. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, हिंदी मिसळलेल्या मराठीत, जसंच्या तसं लिहून आणा. आकडे नोंदवहीत सापडतात, पण या गोष्टी माणसाबरोबर जातात, म्हणून त्या आत्ताच लिहून घेतलेल्या बऱ्या.